बंद नळीतला हायड्रोजन किती जोर लावतो?

वीतभरही लांब नसलेली पांढरी सिरॅमिकची नळी, दोन्ही तोंडं बुजवलेली, भोवती हीटरच्या तारेचे वेढे. आत ग्रॅमभर निकेलची भुकटी आणि तिच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकं लिथियम अ‍ॅल्युमिनियम हायड्राइड नावाचं चूर्ण. वीज सोडली की नळी आधी काळपट लाल, मग नारिंगी दिसायला लागते. स्वित्झर्लंडमधल्या लुगानो इथे अशाच नळीवर झालेल्या ३२ दिवसांच्या चाचणीचा अहवाल ऑक्टोबर २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस मॉस्कोत अलेक्झांडर पार्खोमोव यांनी तसाच प्रयोग केल्याचं जाहीर केलं आणि पुढे अनेक देशांतल्या हौशी प्रयोगकर्त्यांनी अशा नळ्या तापवायला घेतल्या. घातलेल्या विजेपेक्षा जास्त उष्णता मिळते, असा या मंडळींचा दावा. तो आजवर सिद्ध झालेला नाही. गूगलच्या पैशांवर अशा दाव्यांबद्दल झालेल्या संशोधनाचा आढावा मे २०१९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आला, त्यातही जादा उष्णतेचा पुरावा सापडला नसल्याचं म्हटलं होतं.

तो वाद इथे बाजूला ठेवू. त्याच्याही आधीचा एक प्रश्न आहे आणि तो थेट माणसाच्या डोळ्यांशी-हातांशी निगडित आहे: नळीच्या आत दाब किती? अशा काही नळ्या तापता तापताच फुटल्या आहेत. आणि गंमत म्हणजे एकाच नळीसाठी ५ बारपासून ५०० बारपर्यंत कुठलाही आकडा काढून दाखवता येतो; प्रत्येकामागचं गणित वरवर बिनचूकच दिसतं. (बार हे दाबाचं एकक. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १ बार असतो.)

दाब म्हणजे नेमकं काय मोजतो

वायूचे रेणू भांड्याच्या भिंतीवर सतत आदळत असतात. या माऱ्याचा चौरस सेंटिमीटरमागे जो जोर पडतो, तो दाब. रेणू जास्त असले की मारा वाढतो, जागा कमी झाली की वाढतो, तापमान वाढलं की रेणू वेगाने धावतात म्हणून वाढतो. शाळेत शिकलेलं आदर्श वायूचं समीकरण याहून वेगळं काही सांगत नाही: दाब गुणिले घनफळ बरोबर मोलची संख्या गुणिले स्थिरांक गुणिले तापमान. मोल म्हणजे रेणू मोजायचं माप. हायड्रोजनचा एक मोल म्हणजे जवळपास २ ग्रॅम.

दोन गोष्टी मात्र आधीच स्पष्ट असायला हव्यात. तापमान इथे सेल्सिअसमध्ये चालत नाही, केल्विनमध्ये लागतं. म्हणजे सेल्सिअसच्या आकड्यात २७३ मिळवायचे. नळी ५०० वरून १००० अंशांवर गेली म्हणून दाब दुप्पट होत नाही, ७७३ वरून १२७३ केल्विन म्हणजे सुमारे १.६५ पट होतो. दुसरं, गेज (दाबमापक) बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त दाब आहे ते दाखवतो, समीकरणात मात्र निरपेक्ष दाब धरावा लागतो. शंभर बारच्या हिशोबात एका बारचा फरक कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण दाब हवेच्या आसपास असेल तर हा एक बारच सगळा घोटाळा करतो.

०.१ ग्रॅममध्ये असतं तरी किती?

आता आकडे घालून पाहू. लिथियम अ‍ॅल्युमिनियम हायड्राइडचा एक मोल म्हणजे ३७.९५ ग्रॅम. ०.१ ग्रॅम म्हणजे ०.००२६३५ मोल. त्याच्या प्रत्येक एककात हायड्रोजनचे चार अणू असतात, म्हणजे रेणू दोन. पण हे चारही अणू एकदम सुटत नाहीत. साधारण १५० ते २२० अंश सेल्सिअसच्या दरम्यान दोन टप्प्यांत चारांपैकी तीन सुटतात. चौथा लिथियमला धरून बसतो, लिथियम हायड्राइडच्या रूपात. त्याला हलवायला फार जास्त तापमान लागतं.

म्हणून आधी तीन अणूंचाच हिशोब: ०.००३९५ मोल हायड्रोजन. मिलिलिटर आणि बार ही एककं धरली तर स्थिरांक ८३.१४ येतो, दोन्हींचा गुणाकार ०.३२८. आता या नळीपुरतं समीकरण सुटसुटीत झालं: ०.३२८ गुणिले केल्विन तापमान, भागिले मोकळी जागा मिलिलिटरमध्ये.

मोकळी जागा १ मिलिलिटर धरली तर २२० अंशांना, म्हणजे ४९३ केल्विनला, दाब १६२ बार. १००० अंशांना ४१८ बार. चौथा अणूही सुटला असं मानलं तर ५५८ बार. नखावर मावेल एवढ्या चूर्णाचे हे प्रताप!

या आकड्यांत एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. नळी अजून लालसुद्धा झालेली नसते, २२० अंशांवर पांढरीच असते, तेव्हाच दाब १६० च्या वर गेलेला असतो. पहायला जमलेल्यांचं लक्ष नळी लखलखायला लागण्याकडे असतं. वायूची सगळ्यात मोठी उसळी त्याच्या कितीतरी आधी येऊन गेलेली असते. शिवाय पहिल्या टप्प्याचं विघटन स्वतःच थोडी उष्णता सोडतं आणि आत दाब वाढला म्हणून थांबतही नाही. त्यामुळे या पट्ट्यातून नळी भरभर तापवत नेणं हा सरळसरळ आगाऊपणा आहे.

सगळ्यात मोठी चूक मोकळ्या जागेची

आता ‘मोकळी जागा १ मिलिलिटर’ हे आपण किती सहज धरलं ते बघा. आतला व्यास ५ मिलिमीटर आणि लांबी १०० मिलिमीटर असलेल्या नळीचं घनफळ १.९६ मिलिलिटर भरतं. निकेलची भुकटी दिसायला बरीच जागा अडवते, पण धातूचं खरं घनफळ ग्रॅमला ०.११ मिलिलिटर एवढंच. बाकी कणांमधल्या फटी, आणि त्या फटींमध्ये वायू मजेत राहतो. म्हणजे मोकळी जागा पावणेदोन मिलिलिटरच्या पुढे. पण बरेच जण टोकाकडची बाजू थंड राहावी म्हणून आत सिरॅमिकची दांडी सारतात. ४ मिलिमीटर व्यासाची ७० मिलिमीटर दांडी ०.८८ मिलिलिटर खाते. झाली जागा निम्मी, आणि दाब दुप्पट.

तापमानाच्या चुकीशी याची तुलना करू. लुगानोच्या चाचणीवरचा एक मोठा आक्षेप असा होता की अ‍ॅल्युमिनाच्या (नळीच्या सिरॅमिकच्या) पृष्ठभागाचं तापमान थर्मल कॅमेऱ्याने वाजवीपेक्षा जास्त दाखवलं. उष्णतेच्या हिशोबात ही चूक भारी पडते. दाबाच्या हिशोबात नाही. १००० अंशांच्या जागी ११०० धरले तरी दाबात फरक ८ टक्क्यांचा. दांडी मोजायची राहिली तर फरक १०० टक्क्यांचा. तरीही अशा प्रयोगांच्या टिपणांत तापमान दशांशापर्यंत लिहिलेलं असतं आणि आतली दांडी किती लांब होती याचा पत्ता नसतो, हे मला कायम खटकतं.

मोकळी जागा मोजायची रीत सोपी आहे. माहीत असलेल्या घनफळाच्या भांड्यात, समजा १० मिलिलिटरच्या, २ बार दाबाने हीलियम भरायचा. नळीतली हवा पंपाने काढायची आणि मधला व्हॉल्व्ह उघडायचा. दाब २ वरून १.६ वर उतरला तर वायूने व्यापलेली एकूण जागा १२.५ मिलिलिटर झाली, म्हणजे नळीची बाजू २.५ मिलिलिटर. हीलियमच घ्यायचा, कारण तो धातूत मुरत नाही आणि कशाशी संयोगही करत नाही.

“पण सगळी नळी सारखी तापलेली नसते ना?”

नसते, आणि हा आक्षेप अगदी रास्त आहे. मधला भाग १००० अंशांना, टोकं कोमट. दाब मात्र सगळीकडे एकच असतो. तो एकच राहावा म्हणून गरम भागात वायू विरळ होतो आणि थंड भागात दाटतो. त्यामुळे ‘सरासरी तापमान’ काढून समीकरणात घालणं चुकतं. प्रत्येक भागाचं घनफळ त्या भागाच्या केल्विन तापमानाने भागायचं, सगळ्या भागाकारांची बेरीज करायची आणि ०.३२८ ला त्या बेरजेने भागायचं.

१ मिलिलिटर १००० अंशांना आणि १ मिलिलिटर ५० अंशांना असेल तर दाब सुमारे ८५ बार येतो. दोन्ही मिलिलिटर १००० अंशांना धरले असते तर २०९ आला असता. आणि त्या ८५ बारमध्ये वायूचा चार पंचमांश वाटा थंड कोपऱ्यात जाऊन बसलेला असतो! रिअ‍ॅक्टरचा, म्हणजे या नळीचा, दाब असा त्याच्या सगळ्यात थंड, सगळ्यात दुर्लक्षित भागावर अवलंबून राहतो.

“मग सरळ गेजच का लावत नाहीत?”

लावावाच. अंदाजापेक्षा मोजमाप केव्हाही बरं. पण गेजपर्यंत जाणारी बारीक नळी, जोड आणि गेजच्या आतली पोकळी हीसुद्धा मोकळी जागाच आहे, आणि तीही थंड. वरच्या उदाहरणातला ५० अंशांचा तो एक मिलिलिटर म्हणजे बहुतेक वेळा गेजच असतो. गेजसकट ८५ बार. गेज काढून तोंड बुजवलं, सगळी मोकळी जागा गरम भागातच उरली, तर त्याच चूर्णाचे ४१८ बार. एकदा गेज लावून ‘दाब फार नाही’ अशी खात्री करून घ्यायची आणि पुढच्या खेपेला गेजविना नळी बंद करायची, यात किती धोका आहे हे या दोन आकड्यांवरून कळतं.

म्हणून दाब मोजायचा तर आत कमीत कमी पोकळी असलेला सेन्सर आणि केसासारखी बारीक जोडनळी वापरतात, आणि तिची पोकळीही हिशोबात धरतात. ही जोडनळी भुकटीने किंवा वितळलेल्या धातूने बुजू शकते. तसं झालं तर सेन्सरवरचा आकडा स्थिर राहतो आणि बघणाऱ्याला वाटतं आत सगळं शांत आहे.

चौथा अणू आणि कुकर

आतापर्यंत आपण वायू ठरावीक मानला आणि त्याला कोंडून तापवला. लिथियम हायड्राइडमध्ये अडकलेल्या हायड्रोजनचं वागणं मात्र वेगळं आहे. त्यासाठी प्रेशर कुकर डोळ्यांसमोर आणा. कुकरमध्ये नुसती हवा कोंडून १२० अंशांपर्यंत तापवली तर दाब जेमतेम १.३ बार होईल. पाणी घातलं की त्याच तापमानाला वाफेचाच दाब जवळपास २ बार होतो. पाणी एक पेला असो की चार, १२० अंशांना वाफेचा दाब तेवढाच. शिट्टीतून वाफ सुटली की पाणी आणखी वाफ देऊन दाब पूर्ववत करतं. जोवर पाणी शिल्लक आहे, तोवर दाब तापमानच ठरवतं.

हायड्राइड हे इथलं पाणी. प्रत्येक तापमानाला त्याचा स्वतःचा एक समतोल दाब असतो. आतला दाब त्याहून कमी असेल तर ते हायड्रोजन सोडतं, जास्त असेल तर सोडत नाही, उलट सुटा लिथियम असेल तर तो हायड्रोजन परत ओढून घेतो. शुद्ध लिथियम हायड्राइडचा समतोल दाब १ बारला पोहोचायलाच साधारण ९०० अंशांच्या वर जावं लागतं. आत आधीच शंभरावर बार असतील तर चौथ्या अणूला बाहेर पडायला वावच नाही. म्हणजे ५५८ हा आकडा घट्ट बंद नळीत बहुधा येत नाही. शेजारी अ‍ॅल्युमिनियम असेल तर लिथियम त्याच्याशी मिश्रधातू करतो आणि हायड्रोजन तुलनेने लवकर सुटतो, हे खरं. तरीही तत्त्व तेच.

आता समजा नळी गळकी आहे. आधीचे तीन अणू हळूहळू बाहेर गेले. दाब उतरत उतरत समतोल दाबाला टेकतो आणि तिथे अडतो, कारण हायड्राइड भरपाई करत राहतं. एका प्रयोगकर्त्याला काही बार आणि दुसऱ्याला काही शेकडा बार दिसण्याचं मुख्य कारण हेच. दोघंही खरं सांगत असतात; एकाची नळी गळते, दुसऱ्याची गळत नाही.

भिंतीतून वाट काढणारा वायू

हायड्रोजनला गळायला भोक लागतंच असं नाही. तापलेल्या धातूच्या पृष्ठभागावर त्याचा रेणू फुटून दोन अणू होतात, ते धातूत शिरतात, पलीकडच्या बाजूला जाऊन पुन्हा जोडी जमवतात. धातूत किती हायड्रोजन मुरेल हे दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठरतं. जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडोल्फ सीव्हर्ट्स यांच्या नावाने हा नियम ओळखला जातो. दाब चौपट केला तर मुरणं दुप्पट. थंड नळीवर गळतीची चाचणी उत्तीर्ण झाली म्हणून निर्धास्त होता येत नाही ते यामुळेच. तीच पोलादी नळी ८०० अंशांना हायड्रोजनला चाळणीसारखी होते. अ‍ॅल्युमिनामधून हायड्रोजन फारच कमी जातो, म्हणून तर सिरॅमिक वापरतात. पण तिथे तोंडं बुजवलेलं सिमेंट दगा देतं.

हा धडा रसायन उद्योगाने शंभर वर्षांपूर्वीच जबर किंमत देऊन गिरवला आहे. हायड्रोजन आणि नायट्रोजनपासून अमोनिया करता येतो हे फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये प्रयोगशाळेत दाखवलं. जर्मनीतल्या बीएएसएफ या रसायन कंपनीत कार्ल बॉश यांनी अमोनियासाठी मोठा रिअ‍ॅक्टर करायला घेतला आणि त्यांच्या पोलादी नळ्या सुमारे ८० तासांत फुटू लागल्या. भिंत कापून पाहिली तेव्हा कळलं की हायड्रोजन पोलादात शिरून तिथल्या कार्बनशी संयोग करतो आणि मिथेन होतो. मिथेनचा रेणू मोठा, त्याला बाहेर पडता येत नाही. तो आतल्या आत दाब वाढवत पोलादाला भेगा पाडतो. पोलादाला बळ देणारा कार्बनच निघून गेल्यावर उरतो तो ठिसूळ सांगाडा.

बॉश यांनी भिंत जाड करण्याच्या फंदात न पडता उलटा विचार केला. आत कार्बन नसलेल्या मऊ लोखंडाचं अस्तर दिलं आणि बाहेरच्या मजबूत पोलादी कवचाला मुद्दाम बारीक छिद्रं पाडली. अस्तरातून जो हायड्रोजन झिरपेल तो छिद्रांवाटे निघून जाईल, कवचात साठणार नाही. दाब पेलायचं काम कवचाचं, हायड्रोजन अडवायचं काम अस्तराचं. १९१३ मध्ये जर्मनीतल्या ओपाऊचा अमोनिया कारखाना याच युक्तीवर उभा राहिला, आणि उच्चदाब रसायनतंत्राबद्दल बॉश यांना १९३१ चं नोबेल मिळालं. दाब आणि हायड्रोजन हे दोन वेगळे शत्रू आहेत, हे त्यांना उमगलं होतं. हौशी रिअ‍ॅक्टर बांधणारे बहुतेक जण फक्त पहिल्याचाच विचार करतात.

“समीकरण आदर्श वायूचं, हायड्रोजन तर खराखुरा”

बरोबर, पण फरक किरकोळ आहे. साध्या तापमानाला १०० बारला खरा हायड्रोजन समीकरणापेक्षा सुमारे ६ टक्के जास्त दाब देतो. रेणू फुटून अणू झाले तर कण वाढतील आणि दाबही वाढेल, असंही कुणी म्हणेल. हवेच्या दाबाला २००० केल्विनलाही हजारात एखादाच रेणू फुटलेला असतो, आणि दाब वाढला की हे प्रमाण आणखी घटतं. १२७३ केल्विनला विसरून जा.

“नळी फुटली नाही, म्हणजे दाब कमीच असणार”

बाहेरचा व्यास १० आणि आतला ५ मिलिमीटर असलेल्या नळीच्या आतल्या पृष्ठभागावर आतल्या दाबाच्या १.६७ पट ताण येतो. चांगलं अ‍ॅल्युमिना कागदावर हा ताण आरामात झेलतं. पण सिरॅमिक धातूसारखं वाकून, ताणून इशारा देत नाही. कुठेतरी एक न दिसणारा ओरखडा असतो, एक बाजू दुसरीपेक्षा भरभर तापते, आणि नळी जाते. एकाच खोक्यातल्या दोन नळ्या वेगवेगळ्या दाबाला फुटतात. त्यामुळे न फुटलेली नळी दाबाबद्दल फारसं काही सांगत नाही.

बहुतेक वेळा आधी हार मानतं ते बूच. १०० बारला ५ मिलिमीटरच्या बुचावर आतून सुमारे २० किलो वजनाइतका रेटा असतो, ४१८ बारला ८० किलोच्या वर. सिमेंटने चिकटवलेल्या बुचावर एक धडधाकट माणूस उभा आहे असं समजा. आणि साठलेली ऊर्जा? १०० बारचे २ मिलिलिटर म्हणजे फार तर ५० जूल, एक किलोचं वजन पाच मीटरवरून पडल्याइतकी. इमारत उडणार नाही, पण सिरॅमिकच्या कपच्या डोळ्यात जायला तेवढी पुरेशी आहे. वर तोच हायड्रोजन हवेत पेटला तर जवळपास हजार जूल सोडतो, आणि हवेत त्याचं प्रमाण ४ ते ७५ टक्के असेल तर एवढ्याशा ठिणगीने पेटतो.

नळी थंड झाली म्हणजे संपलं असंही नाही. गळती नसेल, तर १ मिलिलिटर जागेत २५ अंशांनाही सुमारे ९८ बार शिल्लक असतात.

गणित उलटं मांडलं तर

मला यातली सगळ्यात उपयोगी गोष्ट वाटते ती ही: चूर्ण आधी तोलून मग दाब किती येईल हे शोधत बसू नये. आपली नळी, बूच, जोड किती दाब झेलतील ते आधी ठरवावं आणि त्यावरून चूर्ण काढावं. तेही सगळ्यात वाईट शक्यता धरून, म्हणजे गळती नाही, चारही अणू सुटले, मोकळी जागा सगळी गरम. १ मिलिलिटरमध्ये १००० अंशांना ५० बारच्या वर जायचं नाही असं ठरवलं तर चूर्ण येतं ९ मिलिग्रॅम. सुरुवातीला घेतलेल्या ०.१ ग्रॅमच्या अकराव्या हिश्शाहूनही कमी.

९ मिलिग्रॅम तोलायला मिलिग्रॅमचा अंश दाखवणारा तराजू हवा. ३ मिलिग्रॅम जास्त पडलं तर ५० चे ६७ बार होतात. शिवाय हे चूर्ण हवेतल्या ओलाव्याशी लगेच संयोग करून हायड्रोजन गमावतं, म्हणून ते कोरड्या आर्गॉनने भरलेल्या बंद पेटीतच तोलावं लागतं. उघड्या टेबलावर तोललं तर आकडा तराजूवर ९ दिसेल, पण त्यातला हायड्रोजन किती उडून गेला ते तराजू सांगणार नाही.